विरघळलेला क्षार पुन्हा दिसू लागतो तेव्हा

एका परीक्षानळीत मिठाचे पाणी आणि दुसरीत सिल्व्हर नायट्रेटचे विरल द्रावण घेतले, तर दोन्ही इतकी नितळ असतात की नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. आता दुसऱ्या नळीतल्या द्रावणाचा एक थेंब पहिल्या नळीत सोडावा. थेंब पडतो तिथे पांढरा, धुरकट पडदा उमटतो आणि वळसे घेत खाली उतरू लागतो. आणखी काही थेंब टाकून नळी हलवली की, दूध नासल्यावर दिसतात तशा त्याच्या गुठळ्या होतात आणि थोड्या वेळाने वरचे पाणी निवळून तळाशी पांढरा साका बसतो. नळी उजेडात राहिली, तर त्या साक्यावर हळूहळू जांभळट करडी झाक चढते. रसायनशास्त्रात या साक्याला अवक्षेप म्हणतात आणि तो तयार होण्याच्या क्रियेला अवक्षेपण. हा अवक्षेप सिल्व्हर क्लोराइडचा असतो, हे शाळेत शिकवले जाते. परंतु दोन नितळ द्रावणांतून हा घन पदार्थ कोठून आला आणि आताच का आला, हा प्रश्न अनेकांच्या मनात तसाच राहून जातो. मला वाटते, त्याचे मूळ ‘मीठ’ आणि ‘सिल्व्हर नायट्रेट’ या नावांतच आहे.

ही नावे बाटलीतल्या घन पदार्थांची आहेत. पाण्यात गेल्यावर मीठ हे मीठ राहत नाही. त्यातले आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण, सुटे होतात: सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन आणि त्यानंतर कोणत्याही एका सोडियम आयनाचा कोणत्याही एका क्लोराइड आयनाशी खास संबंध उरत नाही. एका भांड्यात मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट विरघळवले, दुसऱ्यात सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड विरघळवले आणि प्रमाणे नीट जुळवली, तर दोन्ही भांड्यांतली द्रावणे अगदी एकसारखी होतात. कोणता आयन कोणत्या बाटलीतून आला, हे कोणत्याही रासायनिक तपासणीने सांगता येत नाही. म्हणून ‘पाण्यात कोणता क्षार आहे’ असे न विचारता ‘पाण्यात कोणते आयन आहेत आणि किती आहेत’ असे विचारावे. प्रश्न असा बदलून घेतला की पुढच्या बहुतेक गाठी आपोआप सैल होतात. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तरी तोच पांढरा साका का बसतो, हे कळते. आणि क्लोरोफॉर्मच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असूनही त्यापासून तो का मिळत नाही, हेही कळते. क्लोरोफॉर्ममधला क्लोरीन कार्बनला घट्ट जोडलेला असतो, तो आयन होऊन पाण्यात सुटा होत नाही.

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी ही कल्पना १८८४ सालच्या आपल्या प्रबंधात मांडायला सुरुवात केली आणि १८८७ मध्ये तिला पूर्ण रूप दिले. त्या काळी ती अनेकांना अशक्य वाटली. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे होऊन शांत कसे राहतील, असा आक्षेप होता. उप्साला विद्यापीठाने त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली आणि त्याच विचारासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आक्षेपाचे उत्तर एका इलेक्ट्रॉनमध्ये आहे. सोडियमचा अणू आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियमचा आयन हे गुणधर्मांच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थच आहेत. आयन खरोखरच सुटे होतात याचा पुरावाही साधा आहे. १ किलोग्रॅम पाण्यात १ मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या) साखर विरघळवली तर पाण्याचा गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. तितकेच मोल मीठ टाकले तर ही उतरण जवळजवळ दुप्पट होते. गोठणबिंदू किती उतरेल हे कणांच्या संख्येवर ठरते, आणि मिठाच्या प्रत्येक जोडीमागे दोन कण मोजले जातात.

आता हे आयन एकमेकांना सोडतात तरी का? मिठाच्या स्फटिकात धन आणि ऋण आयन एकाआड एक रचलेले असतात आणि त्यांच्यातले आकर्षण फार मोठे असते. १ मोल मिठाचे, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅमचे, आयन एकमेकांपासून पूर्ण दूर न्यायचे तर जवळजवळ ७८७ किलोजूल ऊर्जा लागते. ही ऊर्जा पाणी पुरवते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो, त्यामुळे सोडियम आयनाभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून गोळा होतात आणि क्लोराइडभोवती हायड्रोजनची बाजू आत करून. या वेढ्यामुळे सुटणारी ऊर्जा स्फटिक मोडायला लागणाऱ्या ऊर्जेइतकीच, अगदी थोडी कमी, भरते. शिवाय दोन प्रभारांमधले आकर्षण पाण्यात निर्वाताच्या तुलनेने सुमारे ८० पट क्षीण होते. मीठ विरघळताना पाणी किंचितच गार होते, ते या दोन मोठ्या आकड्यांच्या छोट्या फरकामुळे. उरलेले काम अव्यवस्थेकडे असलेला निसर्गाचा कल करतो: स्फटिकात जखडलेल्या आयनांना पाण्यात विखुरण्याच्या असंख्य वाटा मोकळ्या होतात.

हा ‘मोठ्या आकड्यांचा छोटा फरक’ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कोणता क्षार विरघळेल आणि कोणता नाही हे नुसत्या तर्काने सांगणे इतके अवघड का, याचे उत्तर त्यात आहे. आयनांवरचा प्रभार वाढला की स्फटिकातली पकड वाढते, पण पाण्याचा वेढाही तितकाच घट्ट होतो. कोणते पारडे जड होईल, हे बहुतेक वेळा प्रयोगानेच कळते. नायट्रेट आणि सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांचे क्षार बहुधा विरघळतात. चांदी, शिसे यांची क्लोराइडे विरघळत नाहीत. बहुतेक धातूंची कार्बोनेटे आणि फॉस्फेटे विरघळत नाहीत, हे विद्यार्थ्यांना पाठ करावे लागणारे नियम निरीक्षणांचा सारांश आहेत. ते पाठ करताना कंटाळा येतो हे मला मान्य आहे. परंतु त्यांच्यामागे एखादे सोपे सूत्र आहे आणि ते आपल्यापासून लपवले गेले आहे, असे मात्र समजू नये.

‘विरघळत नाही’ हा शब्दप्रयोगही सैलसर आहे. पाण्यात मुळीच न विरघळणारा क्षार नसतो. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, तर १ लिटर पाण्यात सिल्व्हर क्लोराइड २ मिलिग्रॅमच्याही किंचित खाली विरघळते. अंतर प्रचंड आहे, पण प्रकार एकच आहे. ठरावीक मात्रेनंतर आणखी क्षार टाकला तर तो तळाशी तसाच राहतो. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. तळाचा क्षार आणि वरचे पाणी आता निवांत झाले आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तिथे अखंड ये-जा चालू असते. स्फटिकाच्या पृष्ठभागावरून दर क्षणी असंख्य आयन सुटून पाण्यात जातात आणि तितकेच आयन पाण्यातून परत येऊन पृष्ठभागावर बसतात. कोपरा तुटलेला स्फटिक संपृक्त द्रावणात ठेवला, तर त्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण काळाच्या ओघात तुटलेला कोपरा भरून येतो, कारण एका जागेवरून गेलेले आयन परतताना दुसऱ्या जागी बसलेले असतात. संपृक्तता म्हणजे जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या सारखी होणे. हा समतोल आहे, विश्रांती नव्हे.

या समतोलातूनच अवक्षेपणाचा मुख्य नियम निघतो. स्फटिकावरून आयन सुटण्याचा वेग पृष्ठभागावर अवलंबून असतो. पाण्यात आधीच किती आयन आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. परत येण्याचे मात्र तसे नाही. सिल्व्हर क्लोराइडचा स्फटिक वाढायचा तर सिल्व्हर आणि क्लोराइड हे दोन्ही आयन लागतात, आणि दोघांची गाठ पडण्याची शक्यता दोघांच्या प्रमाणांच्या गुणाकाराने वाढते. त्यामुळे समतोल साधला गेला असताना हा गुणाकार एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबतो. त्याला विद्राव्यता गुणाकार म्हणतात. ही कल्पना जर्मनीच्या वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडली. प्रमाण लिटरमागे मोलमध्ये मोजले, तर २५ अंश सेल्सिअसला सिल्व्हर क्लोराइडसाठी हा आकडा सुमारे १.८ भागिले १,००० कोटी इतका लहान आहे. पाण्यातल्या आयनांचा गुणाकार याच्या खाली असेल तर आणखी क्षार विरघळू शकतो. गुणाकार याच्या वर गेला, तर जादा आयनांनी जोडीजोडीने पाण्याबाहेर पडायला हवे.

सुरुवातीच्या परीक्षानळीचा हिशेब यावरून करता येतो. नळीत ५ मिलिलिटर पाणी आहे आणि त्यात लिटरमागे १ ग्रॅम या मानाने मीठ आहे, असे धरू. म्हणजे क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे सुमारे ०.०१७ मोल होते. सिल्व्हर नायट्रेटच्या लिटरमागे ०.१ मोल द्रावणाचा एक लहानसा थेंब, साधारण ०.०५ मिलिलिटरचा, त्यात मिसळला की सिल्व्हर आयनांचे प्रमाण लिटरमागे ०.००१ मोल होते. दोघांचा गुणाकार ०.००००१७ आला. पाहायला गेले तर हा आकडा अगदीच किरकोळ, परंतु ठरलेल्या मर्यादेच्या तो जवळजवळ एक लाखपट आहे. एका थेंबाने सगळी नळी पांढरी का होते, ते येथे दिसते. सोडियम आणि नायट्रेट आयनांचे काय? ते या सगळ्या प्रकारात केवळ प्रेक्षक असतात. नळीत जसे आले तसेच मोकळे राहतात.

गुणाकाराच्या नियमातून एक परिणाम निघतो, तो मला या विषयातला सर्वांत उपयोगी वाटतो. गुणाकार ठरलेला असेल, तर एक संख्या वाढवली की दुसरीला कमी व्हावेच लागते. बेरियम सल्फेट शुद्ध पाण्यात लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. त्याच पाण्यात लिटरमागे ०.०१ मोल सोडियम सल्फेट घातले, तर सल्फेट आयन मुबलक होतात आणि साध्या हिशेबाप्रमाणे बेरियम आयनांना सुमारे हजारपटीने कमी व्हावे लागते. दोन्ही क्षारांत सल्फेट हा आयन सामाईक आहे, म्हणून याला सामाईक आयनाचा परिणाम म्हणतात. बेरियमचे विरघळणारे क्षार पोटात गेल्यास विषबाधा होते. अशा वेळी उतारा म्हणून सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट तोंडावाटे देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. पोटातले बेरियम आयन सल्फेटबरोबर घन रूपात अडकतात आणि रक्तात जाऊ शकत नाहीत.

याच बेरियमची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. अन्ननलिकेची किंवा जठराची क्ष-किरण तपासणी करताना रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे, दाट मिश्रण प्यायला देतात आणि ते निर्धोक असते. बेरियम कार्बोनेट मात्र विषारी आहे. दोन्ही पदार्थ शुद्ध पाण्यात अत्यल्प विरघळतात, मग फरक कशाचा? फरक जठरातल्या आम्लाचा आहे. कार्बोनेट आयन आम्लातले हायड्रोजन आयन झटकन पकडतो आणि त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते; म्हणजे गुणाकारातली एक संख्या सतत खाली ओढली जाते, आणि ती भरून काढण्यासाठी घन पदार्थ विरघळत राहतो. सल्फेट आयनाला हायड्रोजन आयनांचे तितके आकर्षण नसते, त्यामुळे त्याचा समतोल फारसा ढळत नाही. कोणता क्षार ‘अविद्राव्य’ आहे हे नुसत्या तक्त्यावरून ठरवू नये, तो कोणत्या पाण्यात पडणार आहे हेही पाहावे, यासाठी याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

वर ‘साध्या हिशेबाप्रमाणे’ असे म्हटले, त्याचा खुलासा करायला हवा. पाण्यात आयनांची गर्दी झाली की प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांचे आणि प्रत्येक ऋण आयनाभोवती धन आयनांचे एक विरळ आवरण तयार होते. त्या आवरणामुळे आयनाचा बाहेरच्यांवरचा प्रभाव उणावतो आणि तो जणू प्रत्यक्षापेक्षा कमी संख्येने हजर असल्यासारखा वागतो. पीटर डिबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये याचे गणित मांडले. हा परिणाम धरला, तर बेरियमच्या उदाहरणातली घट हजारपट न राहता काही शे पट भरते. म्हणूनच अवक्षेपाशी कोणताही सामाईक आयन नसलेला क्षार, उदाहरणार्थ पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात असला तर अवक्षेप थोडा अधिक विरघळतो. विरल द्रावणांत हे दुर्लक्षिले तरी चालते. समुद्राच्या पाण्यात चालत नाही.

विद्राव्यता गुणाकाराच्या तक्त्यात एक खाचही आहे. सिल्व्हर क्रोमेटचा आकडा सिल्व्हर क्लोराइडच्या आकड्याहून शंभरपटीपेक्षा लहान आहे, त्यामुळे तो क्षार कमी विरघळत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो अधिक विरघळतो. त्याच्या एका क्रोमेटमागे दोन सिल्व्हर आयन असतात, म्हणून गुणाकारात सिल्व्हरचे प्रमाण दोनदा धरावे लागते, आणि छोट्या संख्येचा वर्ग आणखी छोटा होतो. हे दोन आकडे एका फूटपट्टीवर मोजता येत नाहीत. कार्ल फ्रीडरिश मोर यांनी १८५६ मध्ये पाण्यातले क्लोराइड मोजण्याची जी रीत दिली, ती याच फरकावर उभी आहे. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थोडे पिवळे द्रावण घालतात आणि वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. प्रत्येक थेंबाबरोबर पडणाऱ्या ठिकाणी क्षणभर लालसर ठिपका दिसतो आणि ढवळताच नाहीसा होतो, कारण क्लोराइड शिल्लक आहे तोवर सिल्व्हर आयन त्याच्याच वाट्याला जातात. क्लोराइड संपत आले की तो ठिपका विरायला वेळ लावू लागतो, आणि मग एका थेंबानंतर सगळ्या द्रावणाला विटकरी छटा येते आणि ती टिकून राहते. ज्याने हे स्वतःच्या हाताने एकदा केले आहे, त्याला विद्राव्यता गुणाकार पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

तापमानाविषयी थोडक्यात सांगतो. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण किती अधिक याला काही धरबंध नाही. पोटॅशियम नायट्रेट १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाला सुमारे १३ ग्रॅम आणि १०० अंशाला २४० ग्रॅमच्या वर विरघळते. मिठाच्या बाबतीत मात्र हेच आकडे जवळजवळ ३६ आणि ३९ आहेत. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे तर उलटेच आहे: चुन्याची निवळी तापवली तर तिच्यातून चुना बाहेर पडतो.

मर्यादा ओलांडली की साका बसायला हवा, असे वर म्हटले. ‘बसायला हवा’ आणि ‘बसतो’ यांत अंतर आहे आणि या अंतरात बरेच काही घडते. पाण्यात नवा स्फटिक जन्माला यायचा तर काही आयनांनी प्रथम एकत्र येऊन एक सूक्ष्म कण करावा लागतो. अशा कणातले बहुतेक आयन पृष्ठभागावरच असतात, त्यांना सर्व बाजूंनी शेजारी नसतात, आणि म्हणून तो कण मोठ्या स्फटिकाहून सहज विरघळतो. ठरावीक आकारापर्यंत पोचण्याआधी तो बहुधा मोडून जातो. तो टप्पा पार केला तर मात्र वाढ हीच त्याची सोपी वाट होते. त्यामुळे मर्यादा थोडीशीच ओलांडली असेल, तर द्रावण तासन्‌तास नितळ राहू शकते. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. अशा द्रावणात त्याच क्षाराचा एक बारीक कण टाकला, किंवा काचेच्या कांडीने भांड्याच्या आतून ओरखडा काढला, तरी स्फटिक धरू लागतात. दाबल्यावर गरम होणाऱ्या शेकाच्या पिशव्यांत सोडियम अॅसिटेट याच अवस्थेत असते. आतली धातूची चकती टिचकली की तिथून पांढरे तंतू झपाट्याने पसरतात आणि पिशवी ५८ अंशांच्या जवळपास तापते.

अवक्षेप कसा दिसेल, हेही मर्यादा किती ओलांडली यावर अवलंबून असते. खूपच ओलांडली, तर एकाच क्षणी असंख्य कण जन्मतात, उपलब्ध आयन त्यांच्यात वाटले जातात आणि कोणताच कण मोठा होत नाही. थोडीच ओलांडली, तर मोजके कण जन्मतात आणि सावकाश, सुबक वाढतात. शिशाचे आयोडाइड याचा सुंदर नमुना आहे. थंड द्रावणे एकत्र केली तर पिवळा धमक, पिठासारखा साका मिळतो. ते थंड पाण्यात लिटरमागे एक ग्रॅमही विरघळत नाही, पण उकळत्या पाण्यात चार ग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणून हा साका भरपूर पाण्यात उकळून विरघळवला आणि द्रावण हळूहळू निवू दिले, तर तेच आयन सोनेरी, सहाकोनी चकत्यांच्या रूपाने परततात आणि प्रकाशात चमकत खाली तरंगत येतात. शिसे विषारी असल्यामुळे हा प्रयोग प्रयोगशाळेतच, पुरेशी काळजी घेऊन करावा.

रासायनिक विश्लेषण करणाऱ्यांना हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण घाईने पडलेला अवक्षेप शुद्ध नसतो. वाढत्या कणांच्या फटींत भोवतालचे पाणी आणि परके आयन अडकतात, आणि बेरियम सल्फेटसारखे कण इतके बारीक होतात की गाळणकागदातून निसटतात. म्हणून द्रावणे विरल आणि गरम ठेवतात, एकात दुसरे सावकाश घालतात आणि अवक्षेप पडल्यावर त्याला काही काळ गरम द्रावणातच मुरू देतात. वर सांगितलेली ये-जा येथे कामी येते. बारीक कण अधिक सहज विरघळतात, त्यांचे आयन मोठ्या कणांवर जाऊन बसतात, आणि हळूहळू बारीक नाहीसे होऊन मोठे अधिक मोठे व शुद्ध होतात. अमेरिकेच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी अनेक मूलद्रव्यांची अणुभारांके नेमकी ठरवली, ती मोठ्या अंशी सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइड यांचे अवक्षेप तोलून. डोळ्यांना न जाणवणाऱ्या धूसरपणावरून द्रावणात उरलेला अवक्षेप मोजण्याचे उपकरणही त्यांनी घडवले. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गात या सगळ्याचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालत राहिले, तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती प्रथम दुधाळ होते, आणि पुष्कळ वेळ फुंकत राहिले तर पुन्हा निवळते. पहिल्या टप्प्यात कार्बोनेट आयन तयार होऊन साका पडतो. दुसऱ्या टप्प्यात जादा कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते, कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, आणि कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात सुखाने राहते. जमिनीत झिरपणारे पावसाचे पाणी चुनखडीच्या खडकातून असेच कॅल्शियम घेऊन जाते. ते पाणी गुहेच्या छताशी पोचून हवेत आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि प्रत्येक थेंब छताला किंवा तळाला कणभर चुनखडी देऊन जातो. पाणी उकळण्याच्या भांड्यात जो पांढरा, खरखरीत थर धरतो तो याच क्रियेने, फक्त येथे कार्बन डायऑक्साइड उष्णतेने हाकलला जातो. हा थर व्हिनेगरने निघतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही, याचे कारण बेरियम कार्बोनेटच्या उदाहरणात येऊन गेलेच आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते, तरीही समुद्र दुधाळ होत नाही. त्यातले मॅग्नेशियम आयन वाढू पाहणाऱ्या कणांच्या पृष्ठभागावर बसून वाढ रोखतात. शरीरातही असेच एक उदाहरण आहे. मूत्रपिंडातले खडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि निरोगी माणसाच्या लघवीतसुद्धा या क्षाराची मर्यादा पुष्कळदा ओलांडलेली असते. सगळ्यांना खडे होत नाहीत, कारण सिट्रेटसारखे घटक कॅल्शियम आयनांना धरून ठेवतात आणि कणांच्या वाढीला अटकाव करतात. अशा रुग्णांना डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात, तेव्हा दोन्ही आयनांचे प्रमाण एकदम घटते. पाणी दुप्पट झाले तर प्रत्येक आयन निम्मा होतो आणि गुणाकार एक चतुर्थांशावर येतो.

सिट्रेट कॅल्शियमला जसे धरून ठेवते, तसे सुरुवातीच्या परीक्षानळीतल्या सिल्व्हर आयनांना धरून ठेवणारा पदार्थही आहे. पांढऱ्या साक्यावर अमोनियाचे द्रावण ओतून नळी हलवली, तर गुठळ्या विरू लागतात आणि पाणी पुन्हा नितळ होते, कारण प्रत्येक सिल्व्हर आयनाला अमोनियाचे दोन रेणू कवेत घेतात, मोकळे सिल्व्हर आयन नगण्य उरतात, आणि गुणाकार मर्यादेखाली जातो. लगेच त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब सोडले, तर आम्ल अमोनियाचे अमोनियम करते, सिल्व्हर आयन मोकळे होतात, आणि तोच पांढरा पडदा वळसे घेत पुन्हा खाली उतरू लागतो.